फुकट औषधाचा अलिखित खर्च

सरकारने एखादी वस्तू फुकट देऊ केली की त्या वस्तूपुरता गरिबांचा प्रश्न मिटला, असे मानण्याची आपल्याकडे प्रथाच पडली आहे. अर्थशास्त्र मात्र इतक्या लवकर समाधान मानीत नाही. शून्य किमतीची वस्तू पदरात पाडून घ्यावयासही वेळ खर्ची पडतो, एस. टी. चे भाडे लागते, दिवसाची मजुरी बुडते आणि पुष्कळदा चारचौघांच्या नजरा चुकवाव्या लागतात. एच. आय. व्ही. बाधित मुलांना मिळणारे औषध हे याचे ठळक उदाहरण म्हणता येईल. ३० नोव्हेंबर २००६ रोजी भारत सरकारने अशा मुलांच्या उपचारासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. औषध सरकारी रुग्णालयाच्या खिडकीपर्यंत आणून पोहोचविण्याचे काम शासनाने तेव्हापासून बऱ्याच अंशी पार पाडले आहे. खिडकीपासून मुलाच्या पोटापर्यंतचा प्रवास मात्र त्याच्या कुटुंबाकडे सोपविलेला आहे. तो रोज, न चुकता आणि आयुष्यभर करावयाचा असतो. आणि त्याचा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दाखविला जात नाही.

स्वस्ताईचा इतिहास

या विषाणूची भारतातील पहिली नोंद १९८६ साली मद्रास येथे डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या संशोधनातून झाली. १९९६ च्या सुमारास तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली आणि मरण थोपविता येऊ लागले. परंतु एका रोग्याचा वर्षाचा खर्च दहा ते पंधरा हजार डॉलरच्या घरात होता. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसूफ हमीद यांनी हीच औषधे वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरहूनही कमी किमतीत, देऊ केली आणि सारे जागतिक गणित पालटले. १ एप्रिल २००४ पासून मुंबईच्या जे. जे. रुग्णालयासह देशातील आठ सरकारी रुग्णालयांत मोफत उपचारास प्रारंभ झाला. आज अशी केंद्रे सातशेहून अधिक आहेत. २०१७ पासून तपासणीत विषाणू आढळताच औषध सुरू करण्याचे धोरण स्वीकारले गेले, आणि २०१८ पासून रक्तातील विषाणूंचे प्रमाण मोजण्याची महागडी चाचणीही मोफत होऊ लागली.

२०२१ च्या अधिकृत अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख लोक या विषाणूसह जगत होते. त्यांपैकी ३ लाख ९४ हजार महाराष्ट्रातील होते, आणि ही संख्या सर्व राज्यांत अधिक होती. या एकूण संख्येत मुलांचा वाटा थोडा आहे. त्यांतील बहुतेकांना हा विषाणू आईकडून गर्भात, प्रसूतीच्या वेळी किंवा अंगावरच्या दुधातून मिळालेला असतो. काहीच उपाय न केल्यास असा संसर्ग होण्याचा संभव १५ ते ४५ टक्के असतो. आईला वेळीच औषध मिळाले तर तो ५ टक्क्यांच्या खाली येतो. मुलाच्या दुखण्याचा उगम असा घरातच असल्यामुळे एका घरात बहुधा एकच रोगी नसतो. आई स्वतः गोळ्या घेत असते आणि वडील कित्येकदा आधीच गेलेले असतात.

साठात तीन

बाधित अर्भकांना उपचार मिळाले नाहीत, तर त्यांतील जवळजवळ निम्मी दुसऱ्या वाढदिवसापूर्वीच दगावतात. दक्षिण आफ्रिकेतील एका प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. लक्षणे दिसेपर्यंत न थांबता अगदी तान्हेपणीच औषध सुरू केल्यास बालमृत्यू ७६ टक्क्यांनी घटतात, असे त्यात आढळले. औषध उपयोगी पडते की नाही, हा वाद आता उरलेला नाही. प्रश्न आहे तो औषध अखंड घेतले जाण्याचा.

या औषधाने विषाणू मरत नाही, तो दबून राहतो. मात्रा चुकत गेल्या की रक्तातील औषधाची पातळी उतरते, विषाणू पुन्हा वाढू लागतो आणि त्याच्यात त्या औषधाला न जुमानणाऱ्या जाती निर्माण होतात. मग दुसऱ्या फळीतील, अधिक महाग आणि अधिक त्रासदायक औषधांकडे वळावे लागते. मुलांसाठी अशा औषधांचे पर्याय मोठ्या माणसांपेक्षा कमीच असतात. म्हणूनच उपचार केंद्रांत ९५ टक्के मात्रा घेतल्या गेल्या पाहिजेत, असा दंडक पडला. दिवसातून दोनदा औषध असेल तर महिन्याच्या मात्रा साठ होतात. त्यांतील तीनपेक्षा अधिक चुकून चालत नाही. तीन मात्रा म्हणजे केवळ दीड दिवस. अलीकडची औषधे अशा चुकांच्या बाबतीत काहीशी सौम्य आहेत, हे खरे. पण सातत्याला पर्याय त्यांच्यापाशीही नाही. जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंतचे दिवस मोजले तर ते साडेसहा हजारांच्या वर जातात, आणि दिवसाला दोन या हिशेबाने मात्रा तेरा हजारांहून अधिक होतात. महिन्याला तीन चुका एवढीच मुभा देणारी ही नोकरी कोणत्या कारखान्यातील कामगार अठरा वर्षे, एकही रजा न घेता, करू शकेल? खेड्यापाड्यांतील अल्पशिक्षित माता आणि आज्या ती करीत आल्या आहेत.

कडू घोट आणि घरगुती युक्त्या

ही नोकरी त्या कशी निभावतात, हे पाहण्यासारखे आहे. पहिला अडसर चवीचा. लहान मुलांसाठी वर्षानुवर्षे वापरले गेलेले लोपिनाविर-रिटोनाविर हे पातळ औषध अतिशय कडू. त्यात मद्यार्काचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर, आणि ते थंड जागी ठेवणे आवश्यक. ज्या घरात फ्रीज नाही, त्या घराने ती बाटली उन्हाळ्यात कोठे ठेवावी? मूल तोंड घट्ट मिटून घेते, औषध थुंकते, पोटात गेले तरी ओकून टाकते. घेतल्याबरोबर ओकले तर मात्रा पुन्हा द्यावयाची. मग आधी जिभेवर साखर, नंतर गुळाचा खडा, कधी केळ्याच्या घासाचे आमिष, कधी धाक, असे उपाय चालतात. एका चमच्यासाठी अर्धा तास, आणि दिवसातून दोनदा. या अर्ध्या तासांची मोजदाद राष्ट्रीय उत्पन्नाच्या कोणत्याही कोष्टकात होत नाही.

अशा वेळी तांत्रिक सुधारणेचे मोल कळते. २०२० साली पाण्यात विरघळणारी, स्ट्रॉबेरीच्या चवीची डोलुटेग्राविर ही गोळी बाजारात आली. मुंबईची मॅक्लिऑड्स ही तिच्या उत्पादकांपैकी एक होय. तिच्या किमतीबाबत झालेल्या आंतरराष्ट्रीय करारामुळे मुलांच्या उपचाराचा खर्च सुमारे ७५ टक्क्यांनी खाली येईल, असे त्या वेळी सांगण्यात आले. तो लाभ सरकारी तिजोरीचा. त्याहून मोठा, परंतु कोणीही न मोजलेला लाभ त्या आईचा आहे, जिचा अर्धा तास आता पाच मिनिटांवर येऊ शकतो.

चवीनंतर वेळेचा प्रश्न येतो. घड्याळाच्या ठोक्याला औषध द्यावे, असे केंद्रात सांगितले जाते. पण ज्या घराचा दिवस घड्याळावर चालत नाही, त्या घराने ते एखाद्या नित्यक्रमाला बांधून घेतलेले असते. सकाळचा चहा झाला की गोळी, दिवेलागण झाली की गोळी, दूरदर्शनवरच्या बातम्या लागल्या की गोळी. मोबाइल फोन घरोघर आल्यापासून त्याची घंटीही मदतीस आली आहे. शाळेत औषध न्यावे लागू नये म्हणून सकाळची मात्रा शाळेपूर्वी आणि दुसरी संध्याकाळी, अशी योजना केली जाते. दिनदर्शिकेवर रोज एक फुली मारण्याचे काम मुलाकडेच सोपविणारी घरेही आहेत. मात्र सर्वांत परिणामकारक युक्ती म्हणजे आई आणि मूल यांनी एकाच वेळी, एकमेकांसमोर बसून गोळी घेणे. त्यामुळे मुलाला आपण एकटेच आजारी आहोत असे वाटत नाही, आणि मुलाच्या काळजीपोटी आईचीही मात्रा चुकत नाही. वैद्यक ज्याला उपचारातील सातत्य म्हणते, ते प्रत्यक्षात अशा सोबतीतून निर्माण होते.

डबीवरचा कागद

तथापि या सर्वांहून अवघड काम आहे ते लपविण्याचे. शेजारी, भाडेकरू, पाहुणे आणि पुष्कळदा घरातलेच नातेवाईक यांना गोळ्यांचे नाव कळू नये म्हणून डबीवरचा कागद खरवडून काढला जातो, गोळ्या दुसऱ्या डबीत भरल्या जातात, ती डबी धान्याच्या डब्यात किंवा कपड्यांच्या घडीखाली ठेवली जाते. जवळच्या केंद्रात ओळखीचे कोणी भेटेल या भीतीने दूरच्या गावी जाऊन औषध आणणारे आहेत. एका खोलीच्या घरात पाहुणे आठवडाभर मुक्कामाला राहिले, लग्नसराईत चार दिवस परगावी जावे लागले, की मात्रा चुकण्याचा धोका वाढतो. आणि तो विसरभोळेपणापेक्षा लाजेपोटी अधिक असतो. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडणाऱ्या कुटुंबांची अडचण तर दुहेरी आहे. फडाजवळच्या कोपीत कसलाच आडोसा नसतो, आणि औषधाचे नेहमीचे केंद्र दोन जिल्हे मागे राहिलेले असते. दुसऱ्या केंद्रात नाव वर्ग करून घेण्याची सोय आहे. पण ती मागण्यासाठी पुन्हा एका नव्या खिडकीसमोर आपले दुखणे उघड करावे लागते.

या भीतीचा एक परिणाम खुद्द केंद्रातही दिसून येतो. दर खेपेस उरलेल्या गोळ्या मोजून किती मात्रा चुकल्या हे ठरविण्याची पद्धत आहे. पद्धत चांगली आहे. पण गोळ्या उरल्या म्हणून चारचौघांत बोलणी बसणार असतील, तर कुटुंबे उरलेल्या गोळ्या वाटेतच टाकून मोकळी डबी पुढे करतात. मग कागदावर शंभर टक्के सातत्य दिसते आणि मुलाच्या रक्तात विषाणू वाढत असतो. जेथे चूक कबूल करण्याची शिक्षा होते, तेथे हिशेब खोटे होतात, हा नियम सरकारी कचेरीला लागू आहे तसाच दवाखान्यालाही लागू आहे.

आजीची मजुरी

ज्या घरात आईवडील दोघेही गेले, तेथे हे ओझे आजी-आजोबांवर येते. पंढरपूरची ‘पालवी’, पुण्याची ‘मानव्य’, अहिल्यानगरची ‘स्नेहालय’ अशा संस्थांनी कित्येक मुलांना घराची माया दिली आहे आणि त्यांचे कार्य आदरास पात्र आहे. परंतु सर्व निराधार मुले संस्थांत मावणार नाहीत, आणि मावू नयेत; बहुतेकांची जागा नात्यातल्या घरीच आहे.

अशा एखाद्या आजीचा हिशेब मांडून पाहावा. महिन्यातून एकदा नातवाला घेऊन जिल्ह्याच्या गावी जावयाचे म्हटले, तर वर्षात तिच्या मजुरीचे बारा दिवस बुडतात, नातवाच्या शाळेचे बारा दिवस बुडतात आणि दोन माणसांच्या बारा फेऱ्यांचे भाडे पडते. मुलाला घरी ठेवून जाता येत नाही. कारण त्याची मात्रा वजनावर ठरते आणि वजन वाढेल तशी ती बदलावी लागते. हेच औषध तीन महिन्यांचे एकदम मिळाले तर बाराचे चार होतात, आणि एका पैशाचेही अनुदान न वाढविता त्या घराचा दोन-तृतीयांश खर्च वाचतो. २०२० च्या टाळेबंदीत औषध अनेक महिन्यांचे एकदम देण्याचा आणि रोग्याच्या घराजवळ पोहोचविण्याचा मार्ग देशभर अवलंबिला गेला. अडचणीच्या काळात जे शक्य झाले, ते स्थिर प्रकृतीच्या मुलांच्या बाबतीत नेहमीचा नियम का होऊ नये?

खरे कधी सांगावे?

सात-आठ वर्षांचे होईपर्यंत मूल मुकाट्याने गोळी घेते. ही ताकदीची गोळी, ही खोकल्याची गोळी, असे त्याला सांगितलेले असते. पुढे ते विचारू लागते: खोकला तर नाही, मग गोळी कशाला? धाकट्या भावाला का नाही? या प्रश्नांपुढे घर गप्प होते. मुलाला खरे सांगावयाचे तर आईला स्वतःविषयीही सांगावे लागते, नवऱ्याविषयी सांगावे लागते. आणि मूल ते बाहेर बोलून बसेल ही धास्ती असतेच. म्हणून सांगणे वर्षानुवर्षे पुढे ढकलले जाते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली या विषयावर स्पष्ट मार्गदर्शन केले आहे. शाळकरी वयाच्या, म्हणजे साधारणतः सहा ते बारा वर्षांच्या मुलांना त्यांच्या आकलनाप्रमाणे, टप्प्याटप्प्याने, त्यांची स्थिती सांगावी असे ते आहे. आधी ‘तुझ्या रक्तात एक जंतू झोपलेला आहे, गोळी त्याला झोपवून ठेवते’ एवढेच. पुढे त्याचे नाव. पुढे तो कोठून आला हे. हा सल्ला केवळ नीतीचा नाही, व्यवहाराचाही आहे. कारण माहीत नसलेली आज्ञा मूल काही काळच पाळते. आपल्या आजाराचे नाव त्याला रुग्णालयातील एखाद्या फलकावरून किंवा नातेवाइकाच्या टोमण्यातून कळले, तर औषधाबरोबर ते देणाऱ्या माणसावरचाही त्याचा विश्वास उडतो.

विश्वास उडण्याचे वय म्हणजे किशोरवय. लहानपणी एकही मात्रा न चुकविलेली मुले चौदाव्या-पंधराव्या वर्षी गोळ्या उशीखाली दडवू लागतात. त्यांना वसतिगृहात राहावयाचे असते, मित्रांसारखे दिसावयाचे असते, आणि आपले लग्न होईल काय, हा न विचारलेला प्रश्न मनात सलत असतो. या प्रश्नाचे उत्तर आज आशादायक आहे, आणि ते मुलांपर्यंत पोहोचले पाहिजे. औषधाने विषाणूंचे प्रमाण चाचणीत सापडणार नाही इतके खाली राहिले, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराकडे जात नाही. आणि आईने उपचार नीट घेतले तर होणारे मूल निरोगी राहण्याचा संभव फार मोठा असतो. ‘गोळी घेतली नाहीस तर मरशील’ या धाकापेक्षा ‘गोळी घेतलीस तर संसार करशील’ हे आश्वासन पंधरा वर्षांच्या मनाला अधिक पटते.

जगाचा अनुभव निश्चिंत करणारा नाही. २०२३ मध्ये बाधित प्रौढांपैकी ७७ टक्के उपचार घेत होते. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांत हे प्रमाण ५७ टक्केच होते. एकूण बाधितांत मुलांचा वाटा जेमतेम ३ टक्के. एड्समुळे झालेल्या मृत्यूंत मात्र १२ टक्के. हे अंतर केवळ औषधांच्या टंचाईने पडलेले नाही. आईपर्यंत चाचणी न पोहोचणे, अर्भकाचे निदान उशिरा होणे आणि सुरू झालेला उपचार मध्येच सुटणे, अशी त्याची कारणे आहेत, आणि त्यांतील शेवटच्या कारणाशी कुटुंबाचा थेट संबंध आहे.

समाजाचा वाटा

२०१७ साली संसदेने एच. आय. व्ही. आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा संमत केला; तो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. शिक्षण, नोकरी, उपचार यांतील भेदभाव त्याने बेकायदेशीर ठरविला आणि संमतीवाचून कोणाची स्थिती उघड करण्यास बंदी केली. त्याच्या ३२ व्या कलमाकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही. बाधित कुटुंबातील बारा ते अठरा वर्षांचे समंजस भावंड आपल्या धाकट्या भावंडांचे पालक म्हणून शाळाप्रवेश, उपचार, बँक खाते अशा बाबतींत काम पाहू शकते, असे हे कलम सांगते. बारा वर्षांच्या मुलीला पालक मानण्याची वेळ कायद्यावर आली, यातच या घरांची कहाणी सामावली आहे. कायद्याने वस्तुस्थिती मान्य केली, हे चांगलेच झाले; आता अशी मुलगी कागद घेऊन आली असता तिला मोठ्या माणसाला घेऊन यावयास सांगून परत न पाठविणे, हे कचेऱ्यांचे काम आहे.

राज्याच्या बालसंगोपन योजनेत निराधार मुलांच्या सांभाळासाठी दरमहा २,२५० रुपये देण्याची तरतूद २०२३ पासून झाली आहे. रक्कम फार नाही. पण आजीच्या बुडालेल्या मजुरीची ती पहिली सरकारी कबुली आहे. ती वेळेवर मिळणे आणि अर्ज टेबलावरून टेबलावर जाताना आजाराचा बभ्रा न होणे, हे त्या अर्जावर सही करणाऱ्या कारकुनाच्या हातात असते. वारंवार गैरहजर राहणाऱ्या विद्यार्थ्याला वर्गासमोर कारण न विचारणे, हे शिक्षकाच्या हातात असते. वसतिगृहातील सोबत्याची डबी उघडून न पाहणे, हे विद्यार्थ्याच्या हातात असते. यांपैकी कशालाही निधी लागत नाही. औषध केंद्राने सुट्टीच्या दिवशी किंवा संध्याकाळी मुलांसाठी काही तास ठेवावेत, मात्रा चुकल्याची कबुली देणाऱ्या आईला रागावण्याऐवजी अडचण विचारावी, घरी कोणी कधी आणि कसे सांगावे याचे मार्गदर्शन समुपदेशकांनी करावे, यासाठी लागणारा खर्चही दुसऱ्या फळीतील औषधांच्या खर्चापुढे क्षुल्लक ठरेल.

गुप्ततेचे ओझे कुटुंबाने उचललेले आहे खरे. पण ते त्याच्यावर लादले आहे समाजाने. शेजाऱ्यांची भीती नसती तर डबीवरचा कागद खरवडावा लागला नसता, दूरचे केंद्र गाठावे लागले नसते आणि पाहुणे आले म्हणून मात्रा चुकली नसती. औषधाची किंमत शासनाने चुकती केली आहे. भीतीची किंमत अद्याप त्या मुलांच्या घरांकडूनच वसूल केली जात आहे, आणि ती माफ करणे कोणत्याही मंत्रालयाच्या नव्हे, तर त्या घरांच्या आसपास राहणाऱ्यांच्या अधिकारातील गोष्ट आहे.